बाळंतिणीच्या डोकेदुखीची नोंद कोण घेणार?

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मराठवाड्यातले आमचे खेडे, वस्तीत विहार आहे, विहारात वाचनालय आहे, मुली शिकलेल्या आहेत. भाचीही बारावी झालेली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंत झाली. बाळ सुखरूप, आई सुखरूप. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडले. आम्ही सर्वांनी समाधानाचा श्वास सोडला.

सहाव्या दिवशी तिने मला फोन केला. "मामा, डोकं लई दुखायलंय. रात्रभर झोप नाही." मी शहरात राहणारा, चार पुस्तके वाचलेला, वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस. मी तिला सांगितले, "बाळ रात्री जागवत असेल, झोप झाली की बरे वाटेल." त्या एका वाक्याची बोचणी आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

आठव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. घरातल्या जाणत्या बायकांनी डोक्याला फडके घट्ट बांधले, खाटेखाली शेगडी ठेवली आणि पाणी आणखी कमी केले. नवव्या रात्री तिला झटके आले. डोळे पांढरे झाले, तोंडाला फेस आला. शेजारच्या वाडीतल्या देवऋषीला कोणीतरी बोलावले आणि त्याने लिंबू उतरवून 'बाहेरचे आहे' असे सांगितले. पहाटे रिक्षा मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात एक इंजेक्शन देऊन पुढे पाठवले. पुढच्या दवाखान्यात डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला, त्यात काही दिसले नाही, म्हणून 'मनाचे दुखणे आहे, टेन्शन घेतले आहे' असे सांगण्यात आले. तिथून आणखी पुढे नेल्यावर एका तरुण डॉक्टरने मेंदूतल्या शिरांची एम.आर.आय. तपासणी करायला लावली आणि निदान झाले. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाली होती. तोवर उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता, बोलणे बोबडे झाले होते. पहिल्या झटक्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत छत्तीस तास गेले होते आणि पहिल्या डोकेदुखीपासून मोजले तर चार दिवस.

ती वाचली. पण हा लेख फक्त तिच्यासाठी लिहीत नाही. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा हा विषय लोकांत काढला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वस्तीत कोणी ना कोणी सांगितले की, आमच्याकडेही एक बाई 'बाळंतवाताने' गेली, एकीला 'बाळंतपणात फेफरे आले', एकीचे 'बाळंतपणात तोंड वाकडे झाले'. नावे वेगवेगळी आहेत. त्यातल्या कितीतरी बायकांचा रोग एकच असावा आणि तो देवाचा कोप नाही, भूतबाधा नाही. तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा रोग आहे. त्याला पक्षाघात म्हणतात, इंग्रजी शिकलेले लोक ब्रेन स्ट्रोक म्हणतात.

हा म्हाताऱ्यांचाच रोग नव्हे

पक्षाघात म्हटला की आपल्यासमोर काठी घेतलेला वृद्ध माणूस येतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला तो होईल असे आपल्याला वाटतच नाही, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांनाही वाटत नाही. परंतु वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहा. जगभरातील अभ्यास एकत्र केले तर एक लाख गरोदरपणांमागे सुमारे तीस स्त्रियांना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर पक्षाघात होतो. याच वयाच्या गरोदर नसलेल्या स्त्रियांपेक्षा हे प्रमाण सुमारे तिप्पट आहे. हा आकडा प्रामुख्याने श्रीमंत देशांतल्या नोंदींवरून काढलेला आहे. तोच आपल्याला लावला तरी वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळंतपणे होणाऱ्या या देशात सहा हजारांहून अधिक स्त्रिया होतात. आणि आपल्या स्त्रियांचे आरोग्य श्रीमंत देशांतल्या स्त्रियांसारखे नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

हा धोका केव्हा सर्वात जास्त असतो? सर्वसाधारण समजूत अशी की बाळ जन्मले, वार पडली, रक्तस्राव थांबला की बाई सुटली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने दाखवून दिले की मेंदूत गुठळी होण्याचा धोका गरोदरपणाच्या महिन्यांपेक्षा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत कितीतरी अधिक असतो. २०१४ सालच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने सांगितले की तो हळूहळू कमी होत बारा आठवड्यांपर्यंत टिकतो. म्हणजे सर्वांचे लक्ष बाईवरून उडून बाळावर जाते, नेमके तेव्हाच बाई सर्वात जास्त धोक्यात असते.

यामागे शरीराचा एक हिशेब आहे. बाळंतपणात रक्त फार वाहून जाऊ नये म्हणून गरोदर स्त्रीचे रक्त निसर्गतःच लवकर गोठणारे बनते. हे तिच्या संरक्षणासाठी असते. पण हेच रक्त शरीरातले पाणी कमी झाले, अंगात रक्त कमी असले, जंतुसंसर्ग झाला किंवा बाई एकाच जागी पडून राहिली तर नको तिथे गोठते. पायाच्या शिरेत गोठते, फुप्फुसात गोठते आणि मेंदूच्या शिरेतही गोठते. माझ्या भाचीचे हेच झाले.

दुसरा प्रकार रक्तदाबाचा. गरोदरपणात काही स्त्रियांचा रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिने जातात. वेळीच आवरले नाही तर झटके येतात किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तर तो जास्त समजतात. १६०/११० ही तातडीची अवस्था आहे, तिथे अर्ध्या ते एक तासाच्या आत औषध देऊन तो खाली आणला पाहिजे. या दोन आकड्यांपैकी एक जरी ओलांडला तरी धोका आहे. अमेरिकेत २००५ साली अशा अठ्ठावीस स्त्रियांचा अभ्यास झाला, ज्यांना रक्तदाबाच्या विकारात पक्षाघात झाला होता. पक्षाघातापूर्वी ज्यांचा रक्तदाब मोजलेला होता त्या जवळजवळ सर्वांचा वरचा आकडा १६० च्या घरात किंवा पुढे गेला होता, पण खालचा आकडा ११० ला पोचलेल्या फार थोड्या होत्या. म्हणजे खालच्या आकड्याकडे बघत बसणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत बायका हातच्या गेल्या.

घरी पाठवण्याचा दिवस

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तदाब उतरल्यासारखा वाटतो आणि मग तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान तो सर्वात वर चढतो. साधे बाळंतपण झालेल्या बाईला दवाखान्यात किमान ४८ तास ठेवावे असा नियम आहे. खाट रिकामी करायची घाई असेल तर तेवढेही ठेवत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी रक्तदाब चढायला लागतो, त्याच दिवशी आपण तिला घरी पाठवतो. घरी रक्तदाब मोजणारे कोणी नसते.

कोणी येतच नाही असे नाही. आशा कार्यकर्ती येते. २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी योजना सुरू झाली, तिच्यानुसार दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. योजना सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये ठरले होते. तिच्या पिशवीत बाळासाठी वजनकाटा असतो, थर्मामीटर असते, बाळाचा श्वास मोजायला घड्याळ असते. या योजनेमुळे कितीतरी बाळे वाचली आहेत, त्या आशांना मानाचा जयभीम! पण त्या पिशवीत आईचा रक्तदाब मोजायचे यंत्र नाही. आशाने भरायच्या कागदावर आईविषयी प्रश्न आहेत. ताप आहे का, घाण वास येणारा स्राव आहे का, ती असंबद्ध बोलते का, तिला झटके आले का. झटके आल्यावर आशाने विचारून काय उपयोग? झटके येण्याच्या आधी रक्तदाब सांगत असतो आणि तोच मोजला जात नाही.

तिसरा दिवस, सातवा दिवस! रक्तदाब शिगेला पोचण्याचे आणि आशा दारात येण्याचे दिवस जवळजवळ एकच आहेत. बॅटरीवर चालणारे साधे रक्तदाबाचे यंत्र आज दीड-दोन हजार रुपयांत मिळते. एवढे यंत्र आणि ते वापरण्याचे चार दिवसांचे प्रशिक्षण शासनाला देता येत नाही काय? बाळ सरकारचे आणि आई कोणाचीच नाही, असा याचा अर्थ घ्यायचा काय?

पाणी नाकारणारी रूढी

शासनाला जाब विचारताना स्वतःच्या घरात डोकावणेही आवश्यक आहे.

मदुराई येथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गरोदर व बाळंत स्त्रियांमधील मेंदूच्या गुठळीच्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, हे अशा अभ्यासांतून जगासमोर आले. याची कारणे शोधताना भारतीय डॉक्टरांनी वारंवार दोन गोष्टींकडे बोट दाखवले आहे. एक अंगात रक्त कमी असणे आणि दुसरी बाळंतिणीच्या शरीरात पाणी कमी पडणे.

पाणी का कमी पडते? पाणी नाही म्हणून नव्हे. आपण देत नाही म्हणून! 'बाळंतिणीने पाणी पिले की पोट सुटते', 'टाके पिकतात', 'बाळाला सर्दी होते', असे सांगत आपल्याकडे पहिले पाच-सात दिवस बाईला घोटभर उकळलेले पाणी मोजून दिले जाते. त्यातच खाटेखाली शेगडी, अंगावर गोधडी, दारे-खिडक्या बंद, धुरी. बाई घामाने निथळते, रक्त जाते, बाळ अंगावर पिते, म्हणजे पाणी तीन वाटांनी बाहेर जाते आणि आत जायची एकच वाट आपण बंद करून ठेवतो. आधीच गोठायला टपलेले रक्त मग दाट होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी हा माणसाचा हक्क आहे, ते कोणाच्या मेहेरबानीवर मिळता कामा नये, हे त्यांनी जगाला सांगितले. त्या तळ्यावर गेलेल्यांचे आपण नातू-पणतू आहोत. दरवर्षी आपण महाडला जातो. आणि घरी परत येऊन आपल्याच सुनेला, आपल्याच लेकीला पाण्याचा पेला मोजून देतो! सवर्णांनी आपल्याला पाणी नाकारले तेव्हा त्यांच्याकडेही धर्माचा आधार होता, 'पूर्वापार चालत आले आहे' हे उत्तर होते. आपल्या बायकांकडेही आज तेच उत्तर आहे. रूढी कोणाच्या घरातली आहे यावरून ती चांगली की वाईट ठरत नाही.

पाण्यासारखाच विटाळाचा प्रश्न आहे. बाळंतिणीला दहा-बारा दिवस एका कोपऱ्यात ठेवायचे, तिला कोणी शिवायचे नाही, तिची भांडी वेगळी, तिचे अंथरूण वेगळे. अस्पृश्यतेचे चटके ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसले त्यांच्याही काही घरांत ही चाल अजून शिल्लक आहे. ज्या बाईला कोणी शिवतच नाही तिचा हात गळाल्यासारखा झाला आहे, तिच्या पायाला सूज आली आहे, ती बोलताना अडखळते आहे, हे कळणार कोणाला? पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडायची आणि बाळाच्या कपाळावर ती काय लिहिते याची काळजी करायची, पण त्याच खोलीत डोके धरून बसलेल्या आईकडे बघायचे नाही! धम्म स्वीकारून आपल्याला कित्येक दशके झाली. सटवाई अजून आपल्या घरात कोणत्या वाटेने येते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मी जुन्या बायकांना दोष देत नाही. त्यांच्या सासवांनी जे केले ते त्यांनी केले. डिंकाचा लाडू, अळीव, गरम भाकरी, मालिश, विश्रांती, यांत वाईट काही नाही. बाळंतिणीला माया मिळालीच पाहिजे. त्या मायेत एक तांब्या पाणी भरा, एवढेच म्हणणे आहे.

रक्त कमी, काम जास्त

२०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. ही कमतरता कोणत्या घरांत जास्त आहे हे सांगायला नको. ज्या घरात बाई सर्वांना वाढून उरले तर खाते, ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजते, त्या घरात. लोह कमी असलेल्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे गर्भारपणात लोहाच्या गोळ्या न मिळणे किंवा मिळूनही न खाणे, याचा संबंध केवळ अशक्तपणाशी नाही, मेंदूशीही आहे. या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात. बाळंतपणानंतरच्या गोळ्या किती घरांत खाल्ल्या जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे जथे बाहेर पडतात. त्यात गरोदर बाया असतात. नोंदणी गावच्या उपकेंद्रात, बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. तिचा रक्तदाब कोण मोजणार? वीटभट्टीवर, बांधकामावर, शहरातल्या झोपडपट्टीत घरकाम करणाऱ्या बायांचीही हीच गत. पोटात सात महिन्यांचे मूल घेऊन डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईचे डोके दुखले तर मुकादम तिला सुट्टी देत नाही, एक दिवसाचा खाडा धरतो.

या ठिकाणी इतिहासाची आठवण करून देणे भाग आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. २०१७ साली संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रियांची पगारी रजा सव्वीस आठवड्यांवर गेली, त्याचे स्वागत आहे. पण ऊस तोडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईला सव्वीस आठवडे सोडा, सव्वीस दिवस तरी मिळतात काय? बाबासाहेबांनी विश्रांतीला राष्ट्रहित म्हटले होते. आजचे वैद्यकशास्त्र म्हणते की ती विश्रांती, ते खाणे आणि ती तपासणी मिळाली तर बाईचा मेंदू वाचतो. दोघे एकच सांगत आहेत.

उपाय आहेत, पोचत नाहीत

सर्वात संताप आणणारी गोष्ट ही की या रोगावर उपाय नाही असे नाही. मॅग्नेशियम सल्फेट हे अत्यंत स्वस्त इंजेक्शन आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याने झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी केले. आपल्याच सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या औषधाचा कमी मात्रेचा उपचार मांडला, कारण आपल्या बायकांचे वजन पाश्चात्त्य बायकांपेक्षा कमी असते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे पाठवण्यापूर्वी या इंजेक्शनची पहिली मात्रा उपकेंद्रातल्या नर्सलाही देता येते, तशी मुभा शासनाने दिलेली आहे. प्रश्न एवढाच की इंजेक्शन कपाटात आहे काय, नर्सचा हात त्यावर बसलेला आहे काय आणि कपाटाची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते?

गुठळीवर रक्त पातळ करणारे हेपॅरिन हे औषध आहे. मेंदूच्या शिरेतल्या गुठळीत ते वेळेवर सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे चार-पंचमांश रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. हे औषध घेत असताना आई बाळाला अंगावर पाजू शकते. म्हणजे हा रोग म्हणजे मृत्यूची शिक्षा नव्हे. उशीर ही शिक्षा आहे.

आणि ज्या उशिरामुळे अपंग होतात त्यांची गणती कोणत्या खात्यात? २००१-०३ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या, २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात तो १४९ वरून ३३ वर आला. ही मोठी कमाई आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण हा आकडा फक्त मेलेल्या बायांचा आहे. जी जगली, पण जिचा हात उठत नाही, जिला आपल्या बाळाचे नाव नीट उच्चारता येत नाही, जिला नवऱ्याने 'आजारी बायको नको' म्हणून माहेरी सोडले, ती या आकड्यात यशस्वी बाळंतपण म्हणून मोजली जाते! मृत्यूचे अन्वेषण होते, समिती बसते, कागद रंगतात. जगलेल्या बाईच्या लुळ्या हाताचे अन्वेषण कोणी करत नाही.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, लक्षणे पाठ करा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत डोके सतत दुखणे आणि दिवसेंदिवस वाढत जाणे, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे येणे, एकाचे दोन दिसणे, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखणे, उलट्या, तोंड-हात सुजणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे होणे, भान हरपणे, झटके येणे. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ क्रमांकाला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर सर्वात आधी सांगा की ही बाई इतक्या दिवसांची बाळंतीण आहे. एवढे एक वाक्य डॉक्टरचा विचार बदलू शकते.

शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या बाईचे डोके दुखले की 'पाठीत इंजेक्शन दिले होते, म्हणून दुखते' असे सांगितले जाते. ते खरेही असू शकते. पण पाठीतल्या इंजेक्शनची डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर बरीच कमी होते. जी डोकेदुखी आडवे झाल्यावर वाढते, किंवा आधी कमी होत होती आणि आता होत नाही, ती वेगळी समजा. साधा सी.टी. स्कॅन चांगला आला म्हणून शिरेत गुठळी नाही असे होत नाही. 'शिरांची तपासणी केली काय?' हे डॉक्टरांना नम्रपणे, पण ठामपणे विचारा. तो आपला अधिकार आहे.

दुसरी गोष्ट, बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्या, तिला दुसऱ्या दिवसापासून चालते-फिरते ठेवा आणि शेगडी बाजूला करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात पाळणा लांबवण्याच्या नेहमीच्या संप्रेरकांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्यांतल्या काही घटकांमुळे गुठळीचा धोका वाढतो. जिला एकदा असा पक्षाघात झाला आहे तिने तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट, गरोदरपणात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात जी तपासणी होते, २०१६ पासून ती मोफत होते, तिथे घरच्या गरोदर बाईला पाठवा. कार्डावर रक्तदाबाचा आकडा लिहिला आहे काय, ते वाचा. रकाना रिकामा असेल तर परत आत जा. ज्यांना आधीच्या बाळंतपणात रक्तदाबाचा त्रास होता त्यांना अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून देतात. त्याने हा त्रास टळण्याची शक्यता वाढते. हे उशिरा समजून उपयोग नाही.

चौथी गोष्ट, आपल्या विहारांची आणि महिला मंडळांची. दर रविवारी वंदना होते. वंदनेनंतर एका रविवारी या विषयावर नर्सला बोलवा. मंडळाच्या वर्गणीतून रक्तदाबाचे एक यंत्र घ्या आणि वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीचा रक्तदाब तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत रोज मोजा. आमच्या वस्तीने हे केले आहे. जयंतीच्या बँडचे एक तासाचे भाडे वाचले तरी यंत्र येते! पण हे करताना शासनाला मोकळे सोडू नका. आशाच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि तिला या कामाचा वेगळा मोबदला, प्रत्येक उपकेंद्रात मॅग्नेशियम सल्फेट, आणि बाळंतपणात अपंग झालेल्या स्त्रियांची स्वतंत्र नोंद, या तीन मागण्या ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. ठराव कागदावर आला की पाठपुरावा करता येतो.

माझी भाची आज डाव्या हाताने स्वयंपाक करते. मुलगा शाळेत जातो. त्याच्या शर्टाची गुंडी लावायला तिला अजून वेळ लागतो, म्हणून तो आता स्वतःच लावायला शिकला आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवायला तिला चार खेपा घालाव्या लागल्या. मागच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण झाले. पाचव्या दिवशी तिने डोके दुखते म्हणून सांगितले. थोरलीने कोणालाही न विचारता मंडळाचे यंत्र आणले आणि डाव्या हाताने पट्टा बांधला. आकडा १६४ आला. अर्ध्या तासात बाई गाडीत होती. तिला झटका आला नाही, तिचे दोन्ही हात शाबूत आहेत.

त्या दिवशी तिने मला फोन करून फक्त एवढेच सांगितले, "मामा, ह्या वेळी थांबलो नाही बघा." मी तिला त्या वेळी थांब म्हणालो होतो, हे तिने बोलून दाखवले नाही.